याचा रिपीट कुठाय?

मावशी, नमस्कार. दिवाळीत आम्ही जुळे सोलापुरात स्वतःच्या टू-बीएचकेमध्ये राहायला आलो. हॉलमध्ये सोफ्याच्या मागची भिंत ११ फूट मोकळी पडलीय, आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो इथं काय लावणार. मला ॲबस्ट्रॅक्ट प्रिंट लावायचीय, म्हणजे नुसत्या रंग-आकारांची, छान फ्रेम करून. ऑनलाइन तीनचा एक सेट आवडला, निळा आणि विटकरी, मधून सोनेरी रेघा, ४२०० रुपये. कुशनपण निळेच आहेत म्हणजे मॅच होईल. ह्यांना दाखवला तर म्हणाले, ‘काय बे हे, पेंटरनं ब्रश पुसलेलं फडकंय का?’ सासूबाईंना तिथं सिद्धरामेश्वरांचा मोठा फोटो पाहिजे. मामा म्हणजे माझे सासरे ४० वर्षं चादरीच्या कारखान्यात मागावर होते, त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरून बघितला, एवढंच विचारलं, ‘याचा रिपीट कुठाय?’ आणि फोन परत दिला. आता मलाच कळेना झालंय. कॅनव्हास घेऊ का काचेची फ्रेम, साइज किती घेऊ, आणि चांगलं ॲबस्ट्रॅक्ट आणि नुसते डाग यातला फरक ओळखायचा कसा? फोटो सोबत पाठवतेय. हसू नका.
– गोंधळलेली सून, जुळे सोलापूर

अगं सूनबाई, हसू नका म्हणालीस आणि मी हसलेच, पण तुला नाही, मामांच्या प्रश्नाला, आणि तेपण खुशीनं. तुझं पत्र आल्यापासून घरात तिघांना वाचून दाखवून झालं, बघा म्हटलं, उभं आयुष्य मागावर घालवलेला माणूस चित्र बघून काय विचारतो ते. ह्यांचं फडकं वगैरे सोड, तुझ्या पूर्ण पत्रात कामाचा प्रश्न तो एकच आहे आणि तू तो जाता जाता लिहून मोकळी झालीस.

चादरीचं कसं असतं बघ, मोर म्हण, कमळ म्हण, चौकट म्हण, डिझाइन एकदाच काढायचं, ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवायचं, त्यावरनं पंच कार्डं मारायची, कार्डांची माळ करून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या डिझाइन विणायच्या यंत्रावर चढवायची आणि मग माळ फिरत राहिली की तेच डिझाइन पुन्हा, तेच पुन्हा. जिथनं ते पुन्हा सुरू होतं तो रिपीट. तिथं एक कार्ड इकडचं तिकडं झालं की चादर सेकंडच्या ढिगात. ही जॅकार्डची युक्ती फ्रान्सची, १८०४ सालची, पण आपल्या पूर्व भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या विणकराला विचारलीस तर तो ती अशी सांगेल जशी अशोक चौकातच शोधून काढलीय. तर मामांची नजर आधी रिपीटच शोधणार, ४० वर्षं तेच काम केलं त्या नजरेनं.

आणि चित्रात रिपीट नसतो. चादरीत नजर एकदा डिझाइन ओळखते आणि मग निवांत होते, पुढं काय येणार ते तिला माहीत असतं. चित्रात ती सोय नाही, तिथं नजरेला दर वेळी स्वतः फिरावं लागतं, एका कोपऱ्यातनं शिरते, कुठल्यातरी गडद जागेशी थांबते, तिथनं एखादी रेघ तिला दुसरीकडं नेते. चांगल्या चित्रात हे फिरणं लवकर संपत नाही, बस, एवढंच, बाकी अर्थ बिर्थ शोधायच्या भानगडीत पडू नकोस.

आता तुझा सेट. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला, चष्मा लावून, आणि मग लॅपटॉपवर टाकून परत बघितला. तिसरं चित्र म्हणजे पहिलंच आहे गं, आडवं उलटं केलेलं, आरशात बघितल्यासारखं! वरच्या बाजूची ती सोनेरी लाट बघ, पहिल्यात डावीकडनं येते, तिसऱ्यात तीच तश्शीच उजवीकडनं. मामांना फोन छोटा म्हणून सापडला नाही, पण रिपीट आहे त्यात. भिंतीवर मोठं करून लावलं असतंस ना, चौथ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनीच बोट दाखवलं असतं, आणि एकदा दाखवलं की मग तुला दुसरं काही दिसलंच नसतं तिथं. ४२०० वाचले समज.

असले सेट लई निघालेत हल्ली. कम्प्युटरवर एक संगमरवरासारखा पॅटर्न काढायचा, तीन तुकडे करायचे, वर सोनेरी शिंपडायचं. हॉटेलच्या रिसेप्शनला ठीक असतंय, तिथं माणूस पाच मिनिटं थांबतो. तू रोज बसणार आहेस तिथं.

मग ओळखायचं कसं. मी काय करते ते सांगते, पटलं तर घे. आवडलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट काढायचा, फोनमध्येच फिल्टर लावून तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. रंग काढल्यावर जर सगळं एकाच करड्या रंगाचं झालं, कुठं गडद नाही कुठं उजळ नाही, तर ते चित्र दहा फुटांवरनं मळकट दिसणार म्हणून समज, कारण लांबनं आधी गडद-उजळ दिसतं, रंग नंतर. रंग गेल्यावरसुद्धा आकार एकमेकांना धरून उभे राहिले तर चित्रात दम आहे. आणि दुसरं म्हणजे तेच चित्र फोनचा वॉलपेपर करून आठ-दहा दिवस ठेवायचं, दिवसातनं शंभर वेळा फोन उघडतोच आपण. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर भिंतीवर काय होईल? मी गेल्या वर्षी असं करून पाच चित्रं बाद केली, एकही रुपया न घालवता.

ह्यांच्या फडक्याबद्दल. भांडू नकोस, ते बोलले ते बहुतेकजण बोलतात. हवं तर त्यांना चित्रकार वासुदेव गायतोंड्यांबद्दल सांग. नागपूरला १९२४ साली जन्म, मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये शिकले, रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, परत खरवडायचे, परत चढवायचे, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे, आणि गंमत म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट हा शब्दच त्यांना मान्य नव्हता, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणा म्हणायचे. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत लिलाव झाला त्यात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखाला गेलं. हा आकडा ऐकून नवरेमंडळी जरा गप्प बसतात म्हणून सांगितला, मला स्वतःला किमतीवरनं चित्र पटवून देणं आवडत नाही, कारण उद्या कुणी म्हणेल मग तुझ्या प्रिंटची किंमत काय, तर शून्य, प्रिंट म्हणजे गुंतवणूक नव्हे, ती बघायला घ्यायची. त्यापेक्षा त्यांना विचार की लग्नात तुम्ही मला जी इरकल घेतली तिच्या काठाचा अर्थ काय होता ओ? नाही सांगता येणार. तरी दुकानात दहा साड्या उलगडून त्यातनं तीच काढली ना? (आणि चित्रकार हुसेन तर आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूरचा जन्म, पण त्यांचे घोडे घोडे म्हणून ओळखू येतात, त्यामुळं ह्यांना ते चालतील. विषय बदलायला उपयोगी.)

आता भिंत. तू सगळं लिहिलंस, कुशनचा रंगसुद्धा लिहिलास, पण भिंत कुठल्या बाजूला आणि खिडकी कुठं ते लिहिलं नाहीस, आणि सोलापुरात चित्र लावायचं म्हणजे पहिलं ते बघायचं. माझीच गोष्ट ऐक. नवं घर झालं तेव्हा मी हौसेनं लाल-केशरी रंगाचं मोठं प्रिंट मागवलं आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं, दुपारी तीननंतर ऊन थेट त्याच्यावर. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जाऊन बसतो, ऊन म्हणजे नुसती भट्टी, दोन उन्हाळ्यांत लालाचं गुलाबी झालं आणि केशरी उडून पिवळट, पाव्हण्यांना वाटायचं असंच आहे, मॉडर्न आर्ट. ऊन थेट पडत असेल तर तिथं प्रिंट नकोच, कितीपण भारी काच लाव. थेट ऊन नाही, नुसता उजेड येतो, तर चालतं, फक्त छापताना पिगमेंट इंक आहे का ते विचारायचं. डाय इंक स्वस्त असते आणि लवकर उडते. माझं बहुतेक डायचं होतं, विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भिंत पश्चिमेची बाहेरची असली, म्हणजे तिच्या पाठीवर दुपारभर ऊन, तर ती आतनंसुद्धा तापते, रात्री दहा वाजता हात लावून बघ. अशा भिंतीला फ्रेम चिकटून बसू द्यायची नाही, खालच्या दोन कोपऱ्यांना मागनं रबराच्या किंवा बुचाच्या गोल चकत्या चिकटवायच्या म्हणजे मधनं वारा खेळतो, नाहीतर कागद आत लाटालाटांचा होतो. आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमची भिंत असेल तर आधी ओल बघ बाई, प्रिंट नंतर.

रात्रीचा उजेडपण बघायचा असतो, हे कुणीच बघत नाही. हॉलमध्ये पिवळसर वॉर्म एलईडी असतील तर निळा रंग मलूल पडतो आणि विटकरी पेटून उठतो, पांढऱ्या ट्यूबखाली बरोबर उलटं. तू ॲपवर बघितलंस तो निळा स्क्रीनचा निळा आहे. म्हणून मोठं छापायच्या आधी ए-फोर साइजची एक छोटी प्रिंट काढून घे, भिंतीवर चिकटव, सकाळी बघ, दुपारी बघ, रात्री जेवण झाल्यावर बघ. थोडक्या पैशांत कळतंय.

आणि ते कुशन मॅचिंगचं डोक्यातनं काढ. कुशन कव्हर दोन दिवाळ्या टिकतं, मग परत दुकान, परत नवं. फरशी बदलत नाही, भिंतीचा रंग पाच-सहा वर्षं बदलत नाही, त्यांच्याशी चित्राचं जमतंय का बघ. फरशी पिवळसर आयव्हरी असेल तर निळा-करडा थंड रंग तिच्याशेजारी जरा आजारी वाटतो, त्यात थोडासा मातकट, गेरूसारखा रंग कुठंतरी असला की जमून जातं. आणि कुशन? चित्रातला जो रंग सगळ्यात कमी आहे, एवढासा, त्या रंगाचं एकच कुशन घे पुढच्या वेळी.

साइज. इथं बाया फसतात, मीपण फसले. ४० बाय ६० लिहिलेलं बघितलं, म्हटलं वा एवढं मोठं एवढ्या स्वस्तात, आणि पार्सल आलं तर काखेत मावेल एवढं, सेंटिमीटर होते ते! ४० बाय ६० सेंटिमीटर म्हणजे १६ बाय २४ इंचसुद्धा भरत नाही. तुझ्या ११ फुटी भिंतीवर ते पोस्टाच्या तिकिटासारखं दिसलं असतं. म्हणून आकडा वाचला की पुढचं एकक वाच.

हिशेब भिंतीवरनं करायचा नाही, सोफ्यावरनं करायचा. सोफ्याच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश रुंदी चित्राची, किंवा चित्रं दोन असतील तर दोन्ही आणि मधली फट धरून. तुझा सोफा साडेसहा फुटी असेल, म्हणजे ७८ इंच, तर ५० ते ५५ इंच. एकच एवढं मोठं प्रिंट काचेत महाग पडतं आणि जड होतं, त्यापेक्षा दोन उभी घे. आणि इथं एक युक्ती आहे. प्रिंट १८ बाय २४ चीच काढायची, भोवती तीन-तीन इंच माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची मोकळी चौकट, सोडायचा म्हणजे झालं २४ बाय ३०, वर इंचाची पट्टी, म्हणजे २६ बाय ३२. अशा दोन आणि मध्ये तीन इंच, झाले ५५. छपाईचा खर्च लहान चित्राचा आणि भिंतीवर रुबाब मोठ्या चित्राचा. शिवाय माउंटमुळं चित्राला जरा श्वास मिळतो. दोन चित्रं वेगवेगळी घे पण एकाच हाताची, आणि उलटंसुलटं केलेलं नाही ना ते मामांकडनं तपासून घे, आता एक्स्पर्ट घरात आहे.

घ्यायच्या आधी वर्तमानपत्राची पानं चिकटवून २६ बाय ३२ चे दोन चौकोन कर आणि मास्किंग टेपनं भिंतीवर लाव, चार दिवस राहू दे. सासूबाई विचारतील हे काय, सांग माप आहे. हे काम ह्यांच्याकडं दे. ज्यानं टेप धरली, माप घेतलं, त्याचं मग चित्राशी एवढं वैर राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

कॅनव्हास का काच? तू सोलापुरात राहतेस, जुळे सोलापुरात अजून कुठं ना कुठं बांधकाम चालूच, धूळ किती येते ते तुला मी काय सांगू. कॅनव्हासच्या विणीत धूळ बसली की निघत नाही, ओलं फडकं मारलं की इंक निघते, आणि मारणारच, आपल्याकडं दिवाळीच्या साफसफाईत काही सुटत नाही. त्यामुळं माझं मत काच. साधी काच, २ मिलिमीटरची, या मापाला पुरते. ३ ची घेतलीस तर २४ बाय ३० ला नुसती काचच साडेतीन किलोच्या आसपास जाते, उगाच भिंतीला भार. ॲक्रिलिक निम्म्या वजनाचं येतं पण त्याच्यावर ओरखडे पडतात आणि पुसलं की उलट धूळ ओढून घेतं. समोर खिडकी असून काचेत स्वतःचंच तोंड दिसत असेल तर नॉन-ग्लेअर, म्हणजे न चमकणाऱ्या काचेचा विचार कर, नसेल तर पैसे वाचव. पुसताना स्प्रे काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा, पाणी पट्टीच्या खाचेतनं आत उतरतं आणि मग प्रिंटच्या कडेला तो पिवळा डाग येतो, जो परत जात नाही.

प्रिंट आणायची कुठनं. इथं थोडं हक्काचं बोलते. आपल्या कायद्यानं चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या चित्रांवर कॉपीराइट असतो. गायतोंडे २००१ ला गेले, बिंदूची चित्रं काढणारे रझा २०१६ ला, म्हणजे त्यांच्या चित्रांची तीनशे रुपयांची पोस्टरं दिसतात ती बहुतेक परवानगीशिवाय मारलेली, छपाईपण तसलीच. परवानगीनं काढलेल्या, नंबर टाकलेल्या मर्यादित प्रिंट असतात, १२/५०, म्हणजे पन्नासातली बारावी, असं पेन्सिलनं खाली लिहिलेलं असतं, पण त्यांचं बजेट वेगळं. पण ॲबस्ट्रॅक्टवाले परदेशी चित्रकार बघ, कांडिन्स्की, मोंद्रियान १९४४ ला गेले, पॉल क्ले १९४० ला, त्यांची चित्रं इथं आता मोकळी आहेत. न्यूयॉर्कचं मेट, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट अशी म्युझियम मोकळ्या झालेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल वेबसाइटवर फुकट देतात, रीतसर. क्ले तुला आवडेल असं वाटतंय, छोटे छोटे चौकोन, रंग शेजारी शेजारी ठेवलेले, मामांनापण ओळखीचं वाटेल, फक्त एक चौकोन दुसऱ्यासारखा नसतो.

फाइलचं मात्र बघ. १८ बाय २४ इंच चांगली छापायची तर इंचाला १५० पिक्सेल तरी पाहिजेत, म्हणजे २७०० बाय ३६००. ३०० च्या हिशेबानं मिळाली तर सोन्याहून पिवळं. व्हॉट्सॲपवर कुणी फॉरवर्ड केलेला फोटो घेऊन छापायला गेलीस तर चेहऱ्याला पुरळ आल्यासारखे ठिपके येतील. आणि छापायला फ्लेक्सवाल्याकडं नको! आपल्या गावात चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स इतके की कुणीपण म्हणेल इथंच काढ की स्वस्तात, पण ते मशिन लांबनं बघायच्या बोर्डासाठी असतंय. फोटो प्रिंट करणारा शोध, मॅट कागद, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरचा, पिगमेंट इंक, हे तीन शब्द बोल. इथं नाही जमलं तर पुण्याहून नळीत गुंडाळून मागव, फ्रेम इथं कर. फ्रेमसकट काच कुरिअरनं मागवू नकोस, का ते विचारू नकोस.

फ्रेमवाल्याकडं गेलीस की तो आधी सोनेरी नक्षीची पट्टी काढणार, कारण दिवसभर त्याच्याकडं देवाचे आणि सत्काराचे फोटो येतात, त्याचा काय दोष. तू साधी पट्टी माग, सपाट, पाऊण ते एक इंची, काळी किंवा सागवानी रंगाची. फायबरची स्वस्त आणि वाळवी लागत नाही, लाकडाची दिसायला उजवी, तुझ्या बजेटात मी फायबर घेईन. पट्टीचा भाव फुटावर असतो, २४ बाय ३० ची चारी बाजूंची बेरीज ९ फूट, वर कोपरे तिरके कापताना वाया जाते तेवढी, त्यामुळं दहा फूट म्हणाला तर बरोबर, पंधरा म्हणाला तर टेप काढ. माउंट ॲसिड-फ्री आहे का विचार, साधा पुठ्ठा चार-पाच वर्षांत कडेनं पिवळा पडतो आणि प्रिंटलापण पिवळं करतो. प्रिंट काचेला चिकटता कामा नये. आणि मागची बाजू तपकिरी टेपनं सील करून घे, नाहीतर आतनं बारीक किडे फिरताना दिसतात, कसर लागते.

सासूबाई. हे सगळ्यात नाजूक, आणि यात त्यांची चूक काहीच नाही, नव्या घरात ग्रामदैवताचा फोटो पाहिजे म्हणणं म्हणजे काही हट्ट नव्हे. पण जागा बघ. सोफ्याच्या मागं लावला की येणारा-जाणारा प्रत्येकजण सिद्धरामेश्वरांकडं पाठ करून बसणार, वर डोकं टेकणार, पोरं सोफ्यावर उभी राहून नाचणार. हे तू नको बोलूस, त्यांनाच एकदा सोफ्यावर बसवून विचार की आई, इथं लावला तर कसं दिसेल. त्यांच्या लक्षात येईल. मग दारातनं आत आल्या आल्या समोर येते ती भिंत, किंवा देवघराच्या शेजारची, ती त्यांना पूर्ण दे, आणि फोटोची फ्रेम तुझ्या प्रिंटच्याच दिवशी, त्याच फ्रेमवाल्याकडं, त्याच पट्टीत, तसाच माउंट सोडून कर. हार घालायला वर हुक ठेव. दोन्ही एका पट्टीत असले की हॉल एका हाताचा दिसतो, आणि त्यांचं काम आधी झालं की तुझ्या कामाला कुणी आडवं येत नाही. फक्त अगरबत्ती खाली लावणार असतील तर फोटो जरा वर घे, धुरानं काच चिकट होते.

आणि मामांसाठी माझ्याकडं एक वेगळंच आहे. मघाशी ग्राफ म्हटलं ना, चौकोनी कागदावर हातानं रंगवलेला, तसला जुना एखादा ग्राफ मामांकडं, नाहीतर त्यांच्या ओळखीच्या कुठल्या डिझायनरकडं पडलाय का विचार. आता सगळं कम्प्युटरवर होतं, जुने ग्राफ रद्दीत जातात. मी एकाकडं बघितला होता, मोराची मान होती बहुतेक, पण ताणून मोठी केलेली, नुसत्या लाल-हिरव्या-पिवळ्या पायऱ्या पायऱ्या, जवळनं मोर दिसतच नव्हता. ग्राफवर रिपीट एकदाच काढलेला असतो गं, पुढं काहीच नाही. मिळाला तर हॉलमधल्या दोन प्रिंटबरोबर नको, आत पॅसेजमध्ये एकटा लाव, काचेत, उजेडापासून लांब, जुने पोस्टर कलर उडतात. मामांना माउंटचा रंग निवडायला फ्रेमवाल्याकडं घेऊन जा. ते काय निवडतात ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंच असं सगळे सांगतात, ते मोकळ्या भिंतीला. सोफ्याच्या वर लावताना सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच सोडून फ्रेमची खालची कड येऊ दे, लोक छताला भिडवून लावतात आणि मग चित्र वर उडून गेल्यासारखं दिसतं. प्रत्येक फ्रेमला दोन हुक, एकावर लावलं की दार आपटलं की तिरकं होतं. खिळा ठोकायचा नाही, ड्रिल आणि रावळ प्लग, म्हणजे स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गुल्ली. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला ड्रिल नको, आत वायरींचे पाइप गेलेले असतात, बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनला एक फोन कर. सोफ्यावर जुनी चादर टाक. आणि ड्रिलवाल्याला पाणी येणार असेल त्याच दिवशी बोलव, विटेचा भुगा सगळ्या हॉलभर उडतो, आणि तुमच्याकडं पाणी चौथ्या दिवशी का पाचव्या दिवशी ते तुलाच माहीत.

– मावशी